पेशकार : वारशात भर घालणारा

उर्दूच्या तासाला ‘पेशकार’ शब्द आला की मुलांना सांगतो, पेश करणारा तो पेशकार. कोर्टात न्यायाधीशांपुढे कागद ठेवणारा कारकून पेशकार. निजामाच्या राज्यात तर ते मोठं पद होतं. महाराजा किशनप्रसाद पेशकार होते. आपलं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, त्याच राज्यातलं. तबल्यातही पेशकार आहे. एकल वादनाची सुरुवात ज्या संथ, फुलत जाणाऱ्या रचनेने होते, ती.

उस्ताद झाकीर हुसेन यांनी आपल्या तबला कन्चेर्टोला हेच नाव दिलं. मुंबईच्या एनसीपीएतल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने ती रचना त्यांच्याकडून करवून घेतली आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ती पहिल्यांदा सादर झाली. एकीकडे लिहिलेलं वाजवणारे व्हायोलिन आणि चेलो, दुसरीकडे ऐन वेळी सुचेल तसा खुलणारा तबला. दोघांना एका रचनेत बसवणं सोपं नव्हतं.

त्यांना याची गरज काय होती? उस्ताद अल्लारखाँ यांचा मुलगा, पंजाब घराण्याचा वारस. वडिलांचे कायदे वाजवले असते तरी सभागृहं भरलीच असती. पण १९७३ मध्ये ‘शक्ती’, पुढे बँजो आणि डबल बेस वाजवणाऱ्यांबरोबर आणखी एक कन्चेर्टो. हा माणूस सतत नवं मांडत राहिला. तालीम पक्की होती, म्हणूनच ही हिंमत झाली.

१५ डिसेंबर २०२४ ला ते गेले. आमच्या शिक्षक खोलीत चहाची जाहिरात निघाली, ग्रॅमी निघाले. ‘पेशकार’चं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

आपल्याकडे वारसा जपा म्हणतात, म्हणजे बहुधा कुलूप लावा. संगीत जायज की नाजायज, हा वाद मी आलिमांवर सोडतो. मी साधा शिक्षक आहे. पण भाषा असो की ताल, मिळालं तेवढंच पुढे दिलं तर ते हळूहळू आटतं. उर्दू-मराठी दोन्ही शिकवताना हे रोज दिसतं. पाठ केलेली कविता मुलं विसरतात. स्वतः रचलेल्या दोन ओळी विसरत नाहीत.

माझ्या वर्गात एक मुलगा बाक वाजवायचा. ‘हात आवर,’ म्हणून मी त्याला गप्प केलं होतं. आज वाटतं, आधी विचारायला हवं होतं : बेटा, हे कुठे ऐकलंस, की तुझं तूच बसवलंस?