कृषी पदवीधराचा पगार कोण देणार?

बोरिवली-मुलुंडच्या मराठी घरांत बारावीच्या निकालानंतर जी चर्चा रंगते, तिच्यात अलीकडे एका नव्या पर्यायाची भर पडली आहे. अभियांत्रिकीला गर्दी फार, वैद्यकीय झेपणारे नाही, मग बी.एस्सी. ॲग्री का नको? गावच्या सात-बाऱ्यावर पंधरा-वीस वारसांच्या रांगेत वडिलांचे नाव असते, आणि कृषी महाविद्यालयांच्या प्रवेशात त्या उताऱ्याला अधिभार गुण मिळत आले आहेत, हे कुणीतरी सांगितलेले असते. ज्या जमिनीत दोन पिढ्यांत कुणी नांगर धरला नाही, ती अशी एकदा तरी कामाला येते.

या निवडीमागे शेतीची ओढ क्वचितच असते. हिशेब असतो तो स्पर्धा परीक्षेचा. चार वर्षांत पदवी घ्यायची, अभ्यास करता करता राज्यसेवेची तयारी करायची, शिवाय बँकेची परीक्षा आहेच. उपनगरी मुलेच असे करतात असे नव्हे. लातूर-अहिल्यानगरकडच्या शेतकऱ्यांची मुलेही हेच करतात. ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यात परीक्षार्थी रस्त्यावर बसले, तेव्हा त्यांच्या दोन मागण्या होत्या. 25 ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा बँकांच्या ‘आयबीपीएस’ परीक्षेशी एकाच दिवशी येते, ती पुढे ढकलावी. आणि कृषी सेवेच्या 258 पदांचा तीत समावेश करावा. आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. चार कृषी विद्यापीठे आणि त्यांना संलग्न असलेली असंख्य खासगी महाविद्यालये असलेल्या राज्यात 258 जागांसाठी आंदोलन व्हावे, यातच सारे आले.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही: शेतकऱ्याला शहाणपण सांगणाऱ्याचा पगार कोण देतो?

एकेकाळी उत्तर सोपे होते. सरकार देई. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची विद्यापीठे 1968 ते 1972 या काळात निघाली. मधल्या 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे 1976 मध्ये ‘महाबीज’ आले, 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीची ‘प्रशिक्षण व भेट’ योजना आली. शेतीतला जाणकार सगळ्यांनाच हवा होता. बँकांनी कृषी पदवीधरांची स्वतंत्र भरती केली. मी बँकेत लागलो त्या दिवसांत ग्रामीण शाखेतला असा अधिकारी मोटारसायकलवरून विहिरी पाहत हिंडे. उन्हाळ्यात पाणी किती फुटांवर जाते, मोटार किती अश्वशक्तीची, तिच्यावर खरोखर किती ऊस भिजेल, हे तो बांधावर उभा राहून सांगे आणि मॅनेजर त्याच्या शब्दावर कर्ज मंजूर करी. पुढे त्याच माणसाच्या हाती वसुलीच्या याद्या आल्या, मग विमा विकण्याची उद्दिष्टे आली, आणि बढती मिळताच तो शहरात गृहकर्जाच्या फायली पाहू लागला. ‘ॲग्रिकल्चरल फील्ड ऑफिसर’ या पदाची भरती आजही होते. ‘फील्ड’ हा शब्द मात्र बऱ्याच शाखांत पदनामापुरताच उरला आहे.

हे का झाले? बँकांनी ढोबळमानाने एकूण कर्जाच्या 18 टक्के शेतीला द्यावेत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पण गोदामे, शीतगृहे, प्रक्रिया उद्योग यांची कर्जेही शेतीकर्जात धरता येतात, आणि 2015 साली प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष शेतीकर्ज हा भेदही मिटला. ज्या मुंबईत शेत औषधालाही सापडत नाही, तिथल्या शाखांतून शेतीकर्जाचा डोळ्यांत भरेल एवढा हिस्सा वाटला जातो, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी अनेकदा लक्ष वेधले आहे. अशा कर्जाला विहिरीत डोकावणारा माणूस लागत नाही. ताळेबंद वाचणारा लागतो.

मग उरतात खते-बियाणे-औषधांच्या कंपन्या. पदवीधराला सर्वांत आधी दार उघडतात त्या याच. तिथे पगार विक्रीच्या उद्दिष्टाला बांधलेला असतो. ‘यंदा फवारणीची गरज नाही’ हा सल्ला देण्याचे पैसे कुठलीच औषध कंपनी देणार नाही. सरकारने 2002 साली ‘ॲग्री क्लिनिक’ची योजना काढली: पदवीधराने स्वतंत्र सल्ला-केंद्र काढावे, कर्ज बँकेने द्यावे, अनुदान ‘नाबार्ड’कडून यावे. कल्पना उत्तम होती. पण शाखेत पहिला प्रश्न तारणाचा निघे, आणि केंद्र उभे राहिलेच तर काही दिवसांत त्याचे खते-औषधांचे दुकान होई. सल्ल्याला गिऱ्हाईक नव्हते, मालाला होते.

शेतकरी स्वतः पैसे मोजतो, अशीही उदाहरणे आहेत. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार एकरी फी देऊन सल्लागार बोलावतो, कारण एक चुकलेली छाटणी त्याला फीपेक्षा कितीतरी महाग पडते. राहुरीहून कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. झालेले विलास शिंदे यांनी मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’ उभी केली, तिथे शेतकऱ्यांच्याच कंपनीत कृषी पदवीधर नोकरी करतात. पण हे निर्यातीच्या पिकांचे झाले. कोरडवाहू सोयाबीनवाला कोणत्या नफ्यातून फी देणार? ज्याला सल्ल्याची गरज जास्त, त्याचीच ऐपत कमी.

आपल्या उपनगरांचा यात संबंध नाही असे समजू नये. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 पासून आहे. 1989 पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. पण तिथे शिक्षण मिळते ते पदव्युत्तर आणि पीएच.डी.चे. मत्स्यशास्त्राची पदवी घ्यायची तर वर्सोवा कोळीवाड्यातल्या मुलीला आधी रत्नागिरीजवळ शिरगावला, नाहीतर उदगीर-नागपूरला जावे लागते. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर ‘टॅग-24’ हा भुईमूग दिला, तोही इथलाच. अशी कामे थोडी, आणि त्यांना पदवीनंतर आणखी पाच-सात वर्षांचा अभ्यास लागतो. तेवढी तयारी असेल त्या मुलाने बी.एस्सी. ॲग्री जरूर करावे.

अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षात एक ग्रामीण कार्यानुभव असतो. मुले काही आठवडे खेड्यात राहतात, ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणवतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचे नमुने कसे घ्यायचे ते समजावतात. शेतकऱ्याच्या दारी चार कृषी जाणकार फुकट येतात, ते एवढ्याच दिवसांपुरते. सत्र संपते, मुले परीक्षेच्या पुस्तकांकडे वळतात, आणि गाव ज्याला अजूनही कृषी सहायकच म्हणते त्या माणसाच्या वाट्याला पुन्हा पाच-सहा गावे आणि अनुदानाचे अर्ज येतात.