आतल्या मशीनचं सोंग

भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झालं, ताटात पाकीट टाकलं, आणि भाचा समोर येऊन बसला तो डाव्या हाताची बाही मुद्दाम वर सारूनच. मनगटावर पोलादी, चांगलं वजनदार घड्याळ. तबकडीवर अशा एका स्विस कंपनीचं नाव, की तिच्या घड्याळाच्या किमतीत आमच्या तरुणपणी कोथरूडला ब्लॉक आला असता. "केवढ्याला पडलं रे?" म्हटल्यावर तो हसला. "मामा, ओरिजिनल नाही. पण नुसतं वरून नाही, आतलं मशीनसुद्धा हुबेहूब आहे. २८ हजार." आणि त्याने घड्याळ काढून उलटं केलं. मागे काचेचं झाकण, आत सोनेरी अक्षरं, निळे स्क्रू, लाल खडे, आणि हाताच्या हालचालीबरोबर गरागरा फिरणारी अर्धचंद्राकृती चकती.

खोटी घड्याळं आजची नव्हेत. पॅरिसचा थोर घड्याळजी ब्रेगे (१७४७–१८२३) हयात असतानाच त्याच्या नावाची इतकी बनावट घड्याळं निघाली, की १७९५च्या सुमारास त्याने तबकडीवर तिरप्या उजेडातच दिसेल अशी बारीक गुप्त सही कोरायला सुरुवात केली. आपल्याकडेही फुटपाथवर 'इंपोर्टेड' घड्याळं वर्षानुवर्षं मिळत आली आहेत. पण त्यात एक सरळपणा होता. घेणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत, आणि आत सेलवरचं स्वस्त क्वार्ट्झ मशीन असायचं. ते बंद पडलं की टाकून द्यायचं. आतलं मशीनही नकली बनवायचं, आणि त्यासाठी २८ हजार मोजायचे, हा प्रकार मला नवा होता. म्हणून जरा खोलात शिरलो.

कारण साधं निघालं. क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंदकाटा बहुधा सेकंदाला एक उडी मारतो. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाचा काटा सरकल्यासारखा चालतो, कारण आतलं बॅलन्सचक्र बऱ्याच घड्याळांत ताशी २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला आठ ठोके देतं. महागडं स्विस घड्याळ बहुधा ऑटोमॅटिक असतं. त्यामुळे उड्या मारणारा काटा दिसला की जाणकार गालातल्या गालात हसायचा. मग नकलाकारांनी आत चिनी ऑटोमॅटिक मशीन बसवलं. काचेच्या झाकणांची फॅशन आली तेव्हा त्या मशीनवर मूळ कंपनीसारखी दिसणारी पट्टी चढवली. झाकण उघडूनही कळू नये म्हणून काहींनी सगळी रचनाच उतरवून काढली. म्हणजे मशीनची नक्कल मशीनच्या प्रेमापोटी झालेली नाही, पकडलं जाऊ नये म्हणून झाली आहे. काही नकली घड्याळांत तर तबकडीवरच्या तीन छोट्या वर्तुळांचा स्टॉपवॉचशी काडीचा संबंध नसतो. ती वार, तारीख आणि २४ तास दाखवतात, आणि बाजूची बटणं दाबली की फक्त वार पुढे सरकतो!

वेळेचा हिशेब केला तर हा सौदा अगदीच आतबट्ट्याचा आहे. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदच चुकतं. साधं ऑटोमॅटिक तेवढं एका दिवसात चुकू शकतं. तरीही माणसं यांत्रिक घड्याळ घेतात, आणि त्यात मला वेडेपणा वाटत नाही. ते उघडता येतं, पुसता येतं, तेल घालता येतं, नातवाला देता येतं. पण त्यासाठी सुटे भाग मिळायला हवेत आणि हे मशीन कुणी बनवलं ते कळायला हवं. नकली मशीनला बापाचं नाव नसतं. मूळ कंपनी त्याला हात लावणार नाही, आणि बनवणारा कारखाना कधी समोर येणार नाही.

इथे भाच्याने मला बरोबर पकडलं. "तुझ्या एचएमटीचं मशीन तरी कुठे भारतीय होतं?" गोष्ट खरी आहे. १९६१ साली बंगलोरला एचएमटीची घड्याळं सुरू झाली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. माझ्या वडिलांची 'जनता', १७ ज्वेल्सची, रोज सकाळी चावी मागणारी, तिचं पोट जपानी वळणाचंच होतं. पण ते तंत्र करार करून, शिकून घेतलं होतं, आणि तबकडीवर स्वतःचं नाव छापलं होतं. आजही स्वित्झर्लंडमध्येच सेलिटा ही कंपनी ईटीएच्या जुन्या मशीनच्या धर्तीवर उघडपणे मशीन बनवते, कारण त्या रचनेच्या पेटंटची मुदत संपली आहे. चीनमधल्या तिआनजिनच्या सीगलची मशीनं स्वतःच्या नावावर विकली जातात आणि बरी चालतात. जपानी ऑटोमॅटिक घड्याळं तर २८ हजारांच्या निम्म्यातही मिळतात. आक्षेप रचना उचलण्याला नाही, नाव उचलण्याला आहे. कायदाही तेच म्हणतो. १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्यात खोटं चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

याचा उलटा प्रकार पाहायचा असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. तिथे कधी जुनी फाव्र-ल्युबा दिसते, तर कधी एचएमटी. आतलं मशीन अस्सल, पन्नास वर्षांपूर्वीचं, पण तबकडी कालपरवा रंगवलेली, भडक निळी नाहीतर केशरी. केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तेव्हापासून तर या घड्याळांना वेगळाच भाव आला. मला हीसुद्धा फसवणूकच वाटते. तरी त्यातला कारागीर मला थोडा जवळचा वाटतो. चार मेलेल्या घड्याळांतून तो एक जिवंत करतो. 'तबकडी नवी आहे' एवढं त्याने तोंडाने सांगितलं, तर माझी काही तक्रार नाही.

गेल्या महिन्यात भाच्याचं घड्याळ आतून खरखरू लागलं. बुधवार पेठेत आमचे एक जुने घड्याळजी आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि चिमट्याने ती सोनेरी अक्षरांची पट्टी अलगद उचलून कागदावर ठेवली. ती नुसती चिकटवलेली होती. एका बाजूने सुटून फिरत्या चकतीला घासत होती. खाली होतं नेहमीचं स्वस्त चिनी मशीन. दोन लाल खडे तर खडे नव्हतेच, रंग होता.

"मशीन वाईट नाही," घड्याळजी म्हणाले. "पट्टी काढून टाकली तर आणखी चार वर्षं चालेल. पण मग मागून दिसणार नाही तसं."

भाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होता. रस्त्यात म्हणाला, "मामा, विकून टाकू का?" म्हटलं, विकणार काय सांगून? खरं सांगून विकायला कायद्याची आडकाठी, खोटं सांगून विकायला माझी. पट्टी आता त्याच्या पाकिटात आहे आणि घड्याळ टेबलाच्या खणात. वडिलांची 'जनता' मी त्याला अजून दिलेली नाही. त्याने मागितलीही नाही.