आरोपीच्या डोक्यावरचे टाके

जालना जिल्ह्यातल्या खुनाचं अपील औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि आरोपी सुटला, की आमच्याकडच्या एका वक्त्यांचं भाषण सुरू होतं. स्वसंरक्षण म्हणजे वकिलानं पढवलेली सबब, ‘मी तिथं नव्हतोच’ म्हणजे भाडोत्री साक्षीदार. सिद्ध करता येत नसेल तर भोगा शिक्षा. या मताला टाळ्या पडतात, म्हणूनच ते खोडून काढणं भाग आहे.

मुळात हे दोन बचाव एका दावणीला बांधताच येत नाहीत. स्वसंरक्षण सांगणारा बहुधा वार कबूल करून कायद्यातला अपवाद मागतो. अन्यत्र होतो म्हणणारा आपली हजेरीच नाकारतो.

या भाषणांत कधीच न येणारी गोष्ट म्हणजे आरोपीच्या जखमा. अंबड, भोकरदन, घनसावंगीकडं बांध कोरण्यावरून, विहिरीच्या पाळीवरून भांडण पेटतं तेव्हा काठ्या बहुतेकदा दोन्हीकडं असतात. एक माणूस मरतो, दुसऱ्याच्या डोक्याला टाके पडतात. फिर्यादीत त्या टाक्यांचा उल्लेख नसतो. उलटतपासणीत एकामागून एक साक्षीदार सांगतो, ‘आरोपीला लागलेलं मी पाहिलं नाही.’ आणि ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यावर त्याच तारखेची, कठीण व बोथट वस्तूनं झालेली जखम नोंदलेली असते. ज्यांना ही जखम दिसली नाही, त्यांना पहिला वार कुणी केला हे कसं दिसलं? लक्ष्मी सिंग खटल्यात 1976 साली सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं: अशा वेळी घटनेची सुरुवात दडवली गेली, साक्षीदार कळीच्या मुद्द्यावर खोटं बोलले, असा निष्कर्ष निघू शकतो; आणि आरोपीच्या हकिकतीतून जखमांचा उलगडा होत असेल तर ती संभवनीय ठरते. किरकोळ खरचटलं असेल किंवा स्वतंत्र, भक्कम पुरावा असेल, तर हे लागू नाही, हेही तिथंच सांगितलं आहे.

‘आरोपीनं सिद्ध करावं’, पण किती? जुनं कलम 105, आता साक्ष्य अधिनियमाचं 108, भार टाकतं हे खरं, तो संभवनीयतेपुरता. खून निःसंशय शाबीत करण्याचं ओझं सरकार पक्षावरून उतरत नाही. हक्काची मर्यादा ओलांडणारा तर सुटतही नाही. खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची शिक्षा भोगतो.

अन्यत्र असल्याच्या बचावाला न्यायालयं भुलतात, हेही खोटं. दूधनाथ पांडे खटल्यात 1981 साली कारखान्यातल्या हजेरीचा बचाव फेटाळला गेला. मात्र बचावाचे साक्षीदार सरकारी साक्षीदारांच्याच मापानं तोला, हे त्याच निकालानं बजावलं. आणि बचाव खोटा निघाला तरी सरकार पक्षाच्या पुराव्यातली फट त्यानं बुजत नाही, हे 1984 च्या शरद सारडा निकालापासून पक्कं आहे. हा वाद किती वेळा घालायचा?

वक्त्यांचा आवडता आधार 1973 चा शिवाजी बोबडे निकाल. संशयाच्या फायद्याचा अतिरेक नको, हे त्यातलं वाक्य ते नेहमी सांगतात. ‘असेल’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांतलं अंतर मोठं आहे, हे त्याच निकालात आहे. ते कुणी सांगत नाही.

हवं ते एवढंच. अटकेनंतर लगेच आरोपीची वैद्यकीय तपासणी, जी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 नुसार करायचीच आहे. परस्परविरोधी फिर्यादींचा तपास एकाच अधिकाऱ्याकडं. अन्यत्र असल्याचं आरोपीनं पहिल्याच संधीला सांगणं आणि पोलिसांनी ते ताबडतोब पडताळणं.

‘अपिलात सुटला’ अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा मत बनवण्याआधी निकालपत्र उघडा आणि आरोपीच्या जखमांबद्दल तपास अधिकाऱ्यानं काय उत्तर दिलं, तेवढं वाचा.