बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी

पापनाशमच्या उन्हात, कावेरीखोऱ्यातील भातशेतीत वाढलेल्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो सरबताच्या ग्लासात. तिथल्या एखाद्या तंजावरी मराठी कुटुंबाने नाताळच्या सुटीत इटलीतल्या आल्प्सवर स्कीइंगचा बेत आखला, की स्वेटर, हॉटेल, फराळाचे डबे यांवर घरभर चर्चा होते. विम्याचा कागद मात्र कुणी वाचत नाही.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पण साध्या प्रवासविम्यात स्कीइंग पुष्कळदा वगळलेले असते. पाय मोडला, तर परक्या देशातले बिल घरच्यांच्या माथी! तेव्हा ‘स्कीइंग’ हा शब्द पॉलिसीत आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वीच पाहावे. शिवाय आपला धक्का लागून दुसऱ्याला इजा झाली, तर त्याच्या भरपाईचा विमा इटलीत २०२२पासून सक्तीचा आहे; तो स्की-पास घेतानाही मिळतो. हेल्मेट २०२५-२६च्या हंगामापासून मोठ्यांनाही बंधनकारक झाले. ते, बूट आणि स्की भाड्याने मिळतात. इथून ओझे नेऊ नये.

पहिले दोन दिवस प्रशिक्षक ठेवावाच. आजी-आजोबा सोबत असतील, तर स्की न बांधताही केबल कारने वर जाता येईल असे गाव निवडावे. नाहीतर त्यांची सगळी सुटी हॉटेलच्या खिडकीत जायची.