टॅक्सीवाल्याची कागदपत्रे सातासमुद्रापार

ऑगस्ट २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने उबर कंपनीला २९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. अशी बातमी व्यापार-उद्योगाच्या पानावर जाऊन पडावी हे ओघानेच आले. वस्तुतः ती कामगार चळवळीची बातमी होती. या प्रकरणाची सुरुवात कोणा तंत्रज्ञाने केली नव्हती. फ्रान्समधील १७० हून अधिक टॅक्सीचालक तेथील एका मानवाधिकार संघटनेकडे गेले आणि त्या संघटनेने त्यांच्या वतीने तक्रार गुदरली. कंपनीचे युरोपातील मुख्य कार्यालय नेदरलँड्समध्ये असल्याने ती पुढे डच प्राधिकरणापुढे आली.

चौकशीत काय निघाले? चालकांच्या खात्यांचा तपशील, टॅक्सीचे परवाने, छायाचित्रे, ओळखपत्रे, देवघेवीचे हिशेब, कोणत्या क्षणी कोण कोठे होता याची नोंद, आणि काही चालकांच्या बाबतीत फौजदारी व वैद्यकीय माहितीसुद्धा, दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेतील संगणकांवर पाठविली जात होती. त्यासाठी कायद्याने सांगितलेली संरक्षणाची व्यवस्था कंपनीने केलेली नव्हती. कायद्यातच अनिश्चितता होती, आम्ही नियम पाळले, असे म्हणून कंपनीने दंडाला विरोध दर्शविला. या म्हणण्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु अनिश्चिततेचा भार चालकाने का वाहावा, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

ही अनिश्चितता आली कोठून? अमेरिकी गुप्तचर यंत्रणा कंपन्यांकडील माहिती कशी उपसतात, हे एडवर्ड स्नोडेन याने २०१३ मध्ये जगापुढे मांडले. मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियन कायद्याच्या विद्यार्थ्याने त्याच वर्षी फेसबुकविरुद्ध तक्रार केली. परिणामी युरोप-अमेरिका यांच्यातील माहिती-वाहतुकीची एक व्यवस्था युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये आणि तिच्या जागी आलेली दुसरी २०२० मध्ये रद्द ठरविली.

कंपन्या संरक्षणाची हमी देतात ती मुख्यतः कराराच्या भाषेत. पाठविणारी शाखा आणि घेणारी शाखा छापील कलमांवर सही करतात. पण करार सही करणाऱ्यांनाच बांधतो. तिकडच्या सरकारला तो बांधत नाही. म्हणूनच २०२० च्या निकालाने कंपन्यांना बजावले की, नुसती सही पुरे नाही, माहिती जेथे जाते तेथील कायदा तपासा आणि तो अपुरा असेल तर आणखी उपाय योजा, अन्यथा पाठवू नका. उपाय म्हणजे बहुधा माहिती सांकेतिक लिपीत गोठवून तिची किल्ली युरोपातच ठेवणे. तिजोरी शेजाऱ्याकडे, किल्ली आपल्याकडे, असा हा हिशेब. मात्र कोणाला भाडे द्यावयाचे आणि कोणाला कामावरून उतरवायचे हे जर परदेशातील यंत्र ठरविणार असेल, तर त्याला माहिती उघडी करूनच वाचावी लागते. तेथे कुलूप निरुपयोगी ठरते.

२०२३ मध्ये मेटा कंपनीला याच कारणावरून १२० कोटी युरोंचा दंड झाला. २०२५ मध्ये टिकटॉकला झालेल्या ५३ कोटींच्या दंडामागे चीनमधील कर्मचाऱ्यांना दुरून मिळणारा प्रवेश हे कारण होते. माहिती हलविली नाही, केवळ दुरून पाहिली, ही सबब चालली नाही. २०२३ मध्ये युरोप-अमेरिका यांच्यात तिसरी व्यवस्था आली. ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावर उभी आहे. तिच्यावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे तीन सदस्य जानेवारी २०२५ मध्ये काढून टाकण्यात आले. तरीही त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपच्या एका न्यायालयाने ती वैध ठरविली. त्यावर अपील दाखल झाले आहे.

भारताचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. केंद्र सरकार ज्या देशांवर बंदी घालील ते वगळून माहिती कोठेही पाठविता येईल, असा या कायद्याचा कल आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. नुकसानभरपाईची तरतूद असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३-अ हे कलमच या कायद्याने गाळावयाचे ठरविले आहे. उलट तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली तर तक्रारदारालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड! पुण्या-मुंबईत दिवसाचे बारा तास गाडी हाकणारा माणूस असा धोका पत्करील काय?

यावर डाव्या वर्तुळातही एक सोपा उतारा सुचविला जातो : माहिती देशातच ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये देयकांच्या व्यवहारांपुरता तसा आदेश दिला, त्याला कारणेही होती. परंतु सर्वत्र तोच मंत्र जपणाऱ्यांनी याच कायद्याचे सतरावे कलम वाचावे. राष्ट्राची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला संपूर्ण कायद्यातून सूट देऊ शकते. वॉशिंग्टनच्या नजरेतून सुटलेला चालक दिल्लीच्या नजरेत सापडला, याला स्वावलंबन म्हणावयाचे असेल तर म्हणावे.

फ्रान्समधील चालकांच्या हाती एक साधन होते. युरोपच्या कायद्यानुसार संघटनेला व्यक्तीच्या वतीने तक्रार करता येते. आपल्या कायद्याने कामगार संघटनांना असा स्वतंत्र अधिकार दिलेला नाही. ही दुरुस्ती तरतुदी लागू होण्यापूर्वीच संसदेत मागितली पाहिजे. तोवर ॲपवर चालणाऱ्या वाहतूक व घरपोच सेवांतील संघटनांनी आपल्या मागण्यांच्या सनदेत भाड्याच्या दराखालोखाल तीन प्रश्न घालावेत : चालकाची कोणती माहिती देशाबाहेर जाते, ती तेथे कोण उघडून पाहतो, आणि खाते बंद करण्याचा निर्णय त्या माहितीवरून कोठे घेतला जातो.