नाताळ, सुट्टी एक दिवस

गणपतीला आपलं होस्टेल ओस पडतं. मेसवाले काकासुद्धा गावी जातात. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही आणि करूही नये, कोकणात गणपती म्हणजे गणपती! पण नाताळला सुट्टी एकच दिवस, 25 डिसेंबर. 26 ला सबमिशन. त्यात वर्षअखेरीला गोव्याच्या गर्दीमुळे कोकण रेल्वेचं वेटिंग जागचं हलत नाही. मी वसईची. एका दिवसात जाऊन येणं जमत नाही, म्हणून दोन वर्षं नाताळ रत्नागिरीतच.

होस्टेलवर हमखास विचारतात, "तुम्ही घरी इंग्लिशच बोलता ना?" नाही हो! इंग्लिश कॉन्व्हेंटमध्ये. घरी कादोडी, चर्चमध्ये मिस्सा मराठीत. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांचा, 1739 पर्यंत वसई त्यांच्याकडेच होती. पण फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते 1616 साली. आणि रेव्हरंड ना. वा. टिळक जन्मले करजगावला, म्हणजे याच रत्नागिरी जिल्ह्यात. तेव्हा "तुमचा सण" म्हणताना जरा थांबा.

आठवड्याची रजा कुणीच मागत नाहीये. 26 चं सबमिशन 28 ला घ्या, इतकंच. मेसमध्ये कापसाच्या दाढीचा सांताक्लॉजही नको (तो मॉलमध्ये असतोच). 24 ची मिस्सा रात्री उशिरा असते आणि आमचं लेडीज होस्टेलचं गेट आठला बंद! मुलांच्या होस्टेलला ही अडचण नाही. त्या एका रात्री गेट उघडं ठेवा. हवं तर एखाद्या मॅडमना सोबत पाठवा, रिक्षाचे पैसे आम्ही देऊ.