मयत शेतकरी होता का?

वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक वाक्य वर्षानुवर्षं जवळजवळ जसंच्या तसं छापून येतं: सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून. त्याच्या मागेपुढे गाव, वय, किती एकर, आणि पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार. मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. (आता तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं असं शासनाने ठरवलंय. गावात अजून कोणी म्हणत नाही.) अशी बातमी आली की त्या घरी जाऊन चौकशी अहवाल लिहिणं माझ्याकडे असे. पुढेपुढे असं व्हायला लागलं, की माझ्या आधी ते वाक्यच त्या घरात पोचलेलं असायचं.

बाई भिंतीला टेकून बसलेली, बोलण्याच्या अवस्थेत नसायची. पण दीर किंवा चार बुकं शिकलेला पुतण्या अंगणातच गाठायचा. ‘मॅडम, नापिकीचं अन् तगाद्याचं लिवा बरं. बँकेची नोटीस हाय आमच्यापाशी.’ त्यात खोटं काही नसायचं. नापिकी होती, नोटीसही होती. पण बोअर कोरडा गेल्यापासून तो माणूस कोणाशी धड बोलत नव्हता, भावाशी बांधावरून वाद होता, पोरीचं शिक्षण बारावीला थांबवलं होतं, हे मला शेजारणीकडून नाहीतर पानठेल्यावर कळायचं. घरच्यांनी ते गिळून टाकलेलं असे. कारण ते तोंडातून निघालं की कारण ‘घरगुती’ होतं, आणि घरगुती म्हणजे अपात्र.

पात्र-अपात्र ही भाषा २००६ सालच्या शासन निर्णयाची. मयताच्या वारसांना १ लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. अटी थोडक्यात अशा: जमीन मयताच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या तरी नावावर हवी, कर्ज राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँकेचं, पतसंस्थेचं, नाहीतर परवानाधारक सावकाराचं हवं, आणि ते फेडता न आल्याने, वसुलीच्या तगाद्याने जीव दिलेला हवा. पोलिसांचे कागद, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, आठ-अ, बँकेचा थकबाकीचा दाखला आणि आमचा अहवाल अशी चळत तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते. तिथे शिक्का बसतो.

या निर्णयाला मी वाईट म्हणणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं, तेव्हा शासनाच्या दप्तरात अशा मृत्यूसाठी रकानाच नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग शेतकऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजायला लागला तो १९९५ पासून. पत्रकारांनी लिहिलं, संघटनांनी मोर्चे काढले, विधानसभेत आरडाओरडा झाला, २००६ च्या पावसाळ्यात खुद्द तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज देऊन गेले. एवढी चर्चा झाली नसती तर त्या बाईच्या हातात ३० हजारही पडले नसते. माझं म्हणणं वेगळं आहे. चर्चा संपली, भाषणं विरली, आणि त्यातली नापिकी, कर्ज, तगादा ही तीन कारणं तेवढी फॉर्मवर उरली. तेव्हापासून माणूस कशाने गेला हे फॉर्म सांगतो आणि घरचे त्याबरहुकूम बोलतात.

याच्या उलट बाजूचीही एक ठरीव भाषा आहे. दारूचं व्यसन, लग्नातला वारेमाप खर्च, आळस. सत्तेत बसलेला बहुधा ही बोलतो, विरोधात बसलेला ‘कर्जबळी’ म्हणतो. खुर्च्या बदलल्या की भाषाही बदलून घेतात. अहवाल लिहिताना या दोन्ही भाषा माझ्या खांद्यावरून डोकावायच्या. दारू पिणाऱ्याला कर्ज नसतं, किंवा कर्जवाला पीत नाही, अशा समजुतीवर आख्खी बैठक चाललेली मी पाहिली आहे.

पण कारणाचा वाद नंतरचा. त्याआधीचा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, आणि बहुतेक माणसं तिथेच गळतात. मयत शेतकरी होता का?

माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत सगळ्यात कोड्यात टाकणारी असायची ती मक्तेवाल्यांची. स्वतःचं दीड एकर किंवा काहीच नाही, आणि दुसऱ्याचं दहा एकर वावर मक्त्याने केलेलं. मक्त्याचे पैसे पेरणीआधी रोख द्यायचे. मालक बहुधा यवतमाळला, अमरावतीला, नाहीतर पुण्याला नोकरीत. सगळा व्यवहार तोंडी. बियाणं, खत, औषध कृषी केंद्रातून उधारीवर. बँक या माणसाला पीककर्ज देत नाही, कारण सातबाऱ्यावर तो नाही. पीकविम्याला मालकाचे कागद लागतात, अतिवृष्टीचं अनुदान मालकाच्या खात्यात पडतं. बायकोने बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सच्या कंपनीकडून उचललेले पैसे असतात, त्यांचा वसुलीवाला ठरल्या वारी दारात हजर. यातलं एकही कर्ज वर सांगितलेल्या यादीत बसत नाही. असा माणूस गेला की अहवाल लिहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. जमीन नाही, मान्यताप्राप्त कर्ज नाही. ‘आमचं वावर नव्हतं जी, मक्त्याचं होतं,’ असं सांगताना एका म्हाताऱ्याचा स्वर चोरी कबूल करावी तसा झाला होता.

तो कागदावर का नाही, हे समजायला मागे जावं लागतं. स्वातंत्र्यानंतर ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा गावोगाव घुमली. तिच्यातून कूळकायदे आले. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा झाला. कित्येक कुळं मालक झाली, हे खरं आणि मोठं आहे. पण ज्यांच्या जमिनी राहिल्या, त्यांनी एक धडा घेतला, की दुसऱ्याचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही, कूळ लागेल. जुन्या हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर, बाराच्या भागात, जमीन करणाऱ्याच्या नावाचा रकाना असायचा आणि वहिवाटीच्या ‘रीती’चाही. तो भरायला आम्ही गावात गेलो की प्रत्येक मालकाचं एकच उत्तर: खुद्द. मालक पुण्यात, पऱ्हाटी इथे, आणि वहिवाट खुद्द. मक्तेवाला समोर उभा असायचा, तोही मान हलवायचा, कारण पुढच्या साली त्याला तेच वावर हवं असायचं.

म्हणजे कसणाऱ्याला जमीन द्या म्हणणाऱ्या घोषणेची भीती साठ वर्षांनंतरही कसणाऱ्याला नावानिशी पुसून टाकते आहे. ती घोषणा देणाऱ्यांच्या मनात हे कधी नव्हतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण त्यांची भाषणं आठवून आज गहिवरणाऱ्यांनी एकदा मक्त्याचा व्यवहार जवळून बघावा.

बायांचं प्रकरण आणखी सोपं करून टाकलेलं असतं. निंदण, खुरपण, कापूस वेचणं, सरकी लावणं, ढोरांचं सगळं तिच्याकडे. ती गेली तर पोलिसांच्या कागदात व्यवसायाच्या जागी लिहिलेलं असतं घरकाम. मग तिची नोंद देशाच्या आकडेवारीत गृहिणींमध्ये जाते. देशात आत्महत्या केलेल्या स्त्रियांमध्ये निम्म्याच्या आसपास गृहिणी असतात, असं दर वर्षीचा अहवाल सांगतो. त्यातल्या किती जणींच्या हाताला सकाळी विळा होता, हे त्या अहवालातून कोणालाही काढता येणार नाही. सासऱ्याच्या नावे जमीन असल्याने नियमाने ती पात्र ठरू शकते. पण बाई गेली की गाव आधी विचारतं घरात काय झालं होतं. शेतीत काय झालं, हे तिच्या बाबतीत कोणाला सुचतच नाही.

आणि ती मागे राहिली तर? पुढारी येतात, खाटेवर बसतात, फोटो निघतो, साडी मिळते. त्याच फोटोमुळे गाव धरून चालतं की हिला लाखो मिळाले. कृषी केंद्रवाला, दीर, नणंद सगळे हिशोब मागायला येतात. वारस म्हणून तिचं नाव लावायचा फेरफार मात्र घरचेच अडवून धरतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली, हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करायचं ठरवलं, त्यावरून १९९२ मध्ये शासनानेही पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा निर्णय काढला. चांगला निर्णय. माझ्या नोकरीच्या काळात, त्यासाठी आपल्या पायांनी आलेला नवरा मला क्वचितच भेटला. जे आले त्यांच्यातल्या काहींना ट्रॅक्टरच्या अनुदानात बायकांचा कोटा आहे असं कळलेलं होतं.

घोषणा माणसाला कशी हलवते हे पाहायचं असेल तर कर्जमाफीच्या वर्षात तहसीलबाहेर उभं राहावं. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफी पाच एकरांपर्यंत होती. आमच्याकडे सात-आठ एकर कोरडवाहू म्हणजे ओलिताच्या दोन एकरांइतकंही उत्पन्न नाही, तरी तो ‘मोठा शेतकरी’ ठरला. त्यानंतर वाटणीच्या अर्जांची रांग लागली. बाप-लेक एका चुलीवर जेवणारे, कागदावर विभक्त. २०१७ ची मर्यादा दीड लाख, २०१९ ची दोन लाख. दर वेळी मर्यादेकडे बघून घरं फुटली, नंतर त्यातली काही खरोखरच फुटली. आणि निवडणूक जवळ आली की ‘सातबारा कोरा’. ते ऐकून मार्चअखेरचा भरणा थांबतो. माफी येते, उशिरा येते, अर्धी येते किंवा येतच नाही. तोवर हा थकबाकीदार झालेला, खरिपाला नवं पीककर्ज नाही, मग सावकाराचा उंबरठा. भाषण ठोकून नेता मुंबईला परततो आणि इथे एका माणसाचं आख्खं वर्ष त्या दोन शब्दांवर ठरून जातं.

आता एक विसंगती, जी इतकी उघड आहे की तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही याचंच नवल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. शेतात साप चावला, वीज पडली, विहिरीत पाय घसरला तर वारसांना २ लाख. २०१९ मध्ये तिची व्याप्ती वाढवली, आणि खातेदाराच्या घरातल्या, स्वतःच्या नावे जमीन नसलेल्या एका माणसालाही तिच्यात घेतलं. म्हणजे नाव सातबाऱ्यावर नसलं तरी माणूस शेतात राबत असतो, हे शासनाने लेखी मान्य केलेलं आहे. मग वीज पडून गेलेल्याच्या घरी २ लाख आणि जीव दिलेल्याच्या घरी, तगादा सिद्ध झाला तर, १ लाख, हा हिशोब कोणी मांडला? आत्महत्येला जास्त पैसे दिले तर आत्महत्या वाढतील, असं बैठकांमधून बोललं जातं. तसं म्हणणाऱ्याने एकदा त्या अंगणात बसून दाखवावं. मला वाटतं, मरणाचं कारण आणि मदत यांची गाठ सोडावी. घरातला राबता हात गेला, एवढं पुरेसं धरावं. मग बाईला कोणाच्या सांगण्यावरून नवऱ्याची गोष्ट छाटावी लागणार नाही, आणि माणसं नेमकी कशाने खचतात हेही खरं कळायला लागेल. आज जिल्ह्याजिल्ह्यांत जमलेले हे अहवाल त्या कामाचे नाहीत. ते फॉर्मला हवं ते सांगतात.

आणि शेतकरी कोण, हे कसणाऱ्यावरून ठरवावं. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात ते ठरलेलंच आहे. भाडेकरू, वाटेकरी, शेतमजूर, बाया सगळे त्यात येतात. धोरण कपाटात आहे. डॉ. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं, ते तसंच विरून गेलं. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड द्यायला सुरुवात केली, मालकी हक्काला धक्का न लावता. त्यात मालकाची सही लागते आणि मालक ती देत नाहीत, ही त्याची गोम. महाराष्ट्राने करायचं तर सहीचा घोळ नको. पेरणीनंतर ग्रामसभेत गटवार वाचून दाखवावं की या वर्षी कोण करतंय, आणि त्या नोंदीने कूळ लागणार नाही हे कायद्यात स्पष्ट लिहावं.

मालक विरोध करतील, पुरावा काय म्हणतील. पुरावा गावातच पडलेला आहे. कृषी केंद्रवाल्याच्या उधारीच्या वहीत मालकाचं नाव नसतं. कोणत्या तारखेला कोणी किती थैल्या उचलल्या ते असतं. ट्रॅक्टरवाल्याच्या डायरीत तसंच. या वह्या ग्रामसभेत पुरावा म्हणून का चालवू नयेत, हे माझ्या जुन्या खात्यातल्या कोणीतरी लेखी सांगावं.